चौघांची काकडी

सुरुवातीलाच क्षमा मागते. पस्तीस वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी इतरांनी लिहिलेली पुस्तके मांडली, त्यांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले, कसर लागू नये म्हणून कपाटांत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला. एवढ्या काळात आपणही एखादे पान लिहावे असे कधी वाटले नाही. वाटले असते तरी ते बोलून दाखवण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. आता निवृत्तीनंतर चार वर्षांनी लिहायला बसले आहे, आणि विषय काय, तर काकडी, गाजर आणि मोड आलेली मटकी. याहून वजनदार विषयांवर लिहिणारी माणसे पुष्कळ आहेत हे मला चांगले ठाऊक आहे, कारण त्यांची पुस्तके मीच उचलून ठेवत असे. तरीही हे लिहिले नाही तर सांगायचे कुणाला, हा प्रश्न उरतो. घरात ऐकायला कुणी नाही. हे कारण पुरेसे वाटत नसेल तर वाचकाने येथेच थांबावे. मला वाईट वाटणार नाही.

अमरावतीतल्या दोन खोल्यांच्या घरात मी आणि माझी थोरली बहीण, अक्का, अशा आम्ही दोघी एकतीस वर्षे राहिलो. दोघींचीही लग्ने झाली नाहीत. कारणे वेगवेगळी होती आणि आता ती महत्त्वाची राहिलेली नाहीत. अक्का नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. स्वयंपाकघर तिचे. मी ओट्याजवळ गेले की ती म्हणे, "तू वाच वो. तुया हातचं खाऊन मले वर्गात उभं राह्यनं होनार नाई." शाळेत शुद्ध बोलणारी अक्का घरी आल्याबरोबर चपलांसोबत शुद्ध भाषाही दाराशी काढून ठेवी. मला मात्र ग्रंथालयातली भाषा घरातही सोडत नसे, आणि तिला त्याचे हसू येई. आहारशास्त्राची पुस्तके कोणत्या कपाटात, कोणत्या खणात आहेत हे मी डोळे मिटून सांगू शकले असते. वरणाला पाणी किती लागते हे मला साठीपर्यंत ठाऊक नव्हते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात अक्का गेली. त्यानंतरच्या महिन्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. पहिले पंधरा दिवस मी दोन वेळा स्वयंपाक केला. एका माणसाची भाजी कढईच्या तळाशी पसरते आणि पाहता पाहता करपते, एवढे शिकले. मग चहा आणि टोस्ट, कधी केळे, कधी पोहे. भूक लागत नव्हती असे नाही. पण 'भूक लागली' हे वाक्य म्हणायला समोर कुणी नसले की भूक लांबवता येते. सकाळची दुपारवर, दुपारची संध्याकाळवर. अशी लांबवत लांबवत मी दिवाळीपर्यंत आले, आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात दुधाच्या दुकानाच्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसले.

दुकानदाराने माझ्याच फोनवरून माझ्या धाकट्या भावाला अकोल्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून तो माझ्या दारात हजर झाला. रक्त तपासले. डॉक्टरीणबाई कधीकाळी आमच्या ग्रंथालयात अभ्यासाला बसणारी मुलगी. तिने अहवाल पाहून चष्मा काढला.

"मॅडम, हिमोग्लोबिन फार कमी आहे. बी-ट्वेल्व्हही. जेवणात काय असतं?"

"साधंच," मी म्हणाले.

"साधं मंजे चहा अन् टोस, डॉक्टर," भाऊ मध्येच म्हणाला. "मी हिचा पोळ्याचा डबा उघडून पाह्यला. डब्यात रबरब्यांडं होते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. गोळ्या लिहून दिल्या आणि मग समजावून सांगितले: अर्धे ताट कच्च्याचे असू द्या. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कोवळा पाला. वर लिंबू पिळा, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते. रोज मूठभर मोड आलेले कडधान्य. पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी. जवस, तीळ, शेंगदाणे. वाटीभर दही. आणि जेवणावर चहा अजिबात नाही.

दवाखान्याच्या पायरीवर भावाने आपला निकाल ऐकवला. "तीन महिने देतो तुले. रिपोट सुधरला त राय इथं. नाई सुधरला त मी टेम्पो घेऊन येतो, पुस्तकं भरतो, तुलेबी भरतो अन् अकोल्याले नेतो. मागची खोली रिकामीच आहे."

"माझी पुस्तकं त्या खोलीत मावणार नाहीत."

"मंग तू तरी मावशील का नाई?"

तो माझ्यावर रागावला नव्हता, घाबरला होता. एक बहीण त्याने सहा महिन्यांपूर्वी पोचवली होती. मला ते कळत होते. पण मला हे घर सोडायचे नव्हते. भावाचे घर चांगले, भावजय मायाळू; तरी तेथे मी कुठल्या खुर्चीवर बसावे याचाही मला विचार करावा लागे. येथे निदान विचार करावा लागत नव्हता. तेव्हा माझे राहणे की जाणे, हे आता काकडीवर आणि गाजरावर ठरणार होते.

आमच्या कोपऱ्यावर सकाळी एक बाई हातगाडी लावते. मोझरीच्या वाटेवर तिच्या घरच्यांचे माळवे आहे; तिथली भाजी ती रोज घेऊन येते. तिच्याकडून भाजी नेहमी अक्का घेई, मी कधी थांबले नव्हते. त्या पहिल्या सकाळी दोन गिऱ्हाइके उभी असताना मी खालच्या आवाजात म्हणाले, "एक काकडी, एक गाजर आणि एक टोमॅटो द्या."

तिने तराजू हातात धरूनच माझ्याकडे पाहिले. "एक काकडी? देवाले वाह्याची का, म्याडम?"

दोन्ही बायका वळल्या. त्यांनी हसू दाबले की नाही, हे मला आता आठवत नाही. मला ते ऐकू आले एवढे खरे. आणि आयुष्यात ग्रंथालयाच्या नोंदीत एकही आकडा खोटा न लिहिलेली मी, क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "नाही, नाही. अर्धा किलो द्या. सगळंच अर्धा अर्धा किलो. घरी पाहुणे आले आहेत. चौघं आहोत आम्ही."

"कोन आलं?"

"भाऊ, भावजय आणि त्यांची नात."

अशा रीतीने त्या तिघांना मी अकोल्याहून, त्यांना न विचारता, माझ्या घरी राहायला आणले.

चौघांची भाजी घेऊन मी घरी आले आणि एकटीसाठी चिरायला बसले. ग्रंथपालाच्या सवयीने फ्रिजात काकड्या आवकेच्या क्रमाने लावल्या: आधी आलेली पुढे, नंतरची मागे. चिरण्याचे काम मला येते असे वाटले होते, आले नाही. गाजराचे तुकडे कुठे जाड कुठे पातळ झाले, टोमॅटोने सुरीखाली मान टाकली. मटकी भिजवली, फडक्यात बांधली, पहिल्या खेपेस पाणी न निथळल्यामुळे तिला मोडाऐवजी वास आला. दुसऱ्या खेपेस मोड आले, आणि ते पाहायला कुणाला तरी बोलवावे असे मला वाटले, हे लिहिताना संकोच होतो. भाकरी काही जमेना. ती मी शेजारच्या गल्लीतल्या पोळी-भाकरी केंद्रातून आणू लागले. ताट मात्र भरले. हिरवे, केशरी, लाल, पांढरे. वर लिंबू, भाजलेल्या जवसाची पूड. पुस्तकातल्या चित्रासारखे ताट.

एक गोष्ट कोणत्याच पुस्तकात वाचली नव्हती. शिजवलेले अन्न मुकाट्याने खाता येते. कच्च्या अन्नाला आवाज असतो. गाजर चावताना तो आवाज डोक्यात घुमतो आणि रिकाम्या घरातही, आणि मध्ये थांबले की घर अधिकच गप्प होते. शिवाय त्याला वेळ लागतो. पोळीभाजी दहा मिनिटांत उरकते. मुळा आणि मोड चावून खायला पाऊण तास बसावे लागते. पाऊण तास समोरच्या भिंतीशी बसायचे, म्हणजे काहीतरी विचार करणे आलेच. मी रेडिओ लावून पाहिला. गाजराच्या आवाजात रेडिओवरचा माणूस काय बोलतो ते कळत नसे. शेवटी मी रेडिओ बंद केला आणि गाजर चालू ठेवले.

इकडे गाडीवर माझे पाहुणे चांगले रुळले. "कशे आहेत पाव्हने?" भाजीवाली विचारी. "भाऊ फिराले जाते का सकाळी?" "नातीले काय आवडते?" मी उत्तरे देत गेले. नात सहा वर्षांची आहे, तिला गाजर आवडते, मुळा आवडत नाही; ही उत्तरे खरीच होती, फक्त नात माझ्याकडे नव्हती. पहिल्या आठवड्यात पाहुणे परत पाठवून देता आले असते. मी पाठवले नाहीत. भावाची कुठलीशी तपासणी चालू आहे म्हणून त्यांचा मुक्काम वाढवला. भाजी रोज उरत होती. उरलेल्या काकड्या मी दुपारी गल्लीतल्या गाईला घालत असे, आणि कुणी पाहत नाही ना, हे आधी बघून घेत असे.

एकदा तिने मेथीची कोवळी जुडी पुढे केली. "रोज काकडी, रोज काकडी. घोळाना करा एखांद्या दिवशी."

घोळाणा हा आमच्याकडचा हिवाळी प्रकार. मेथीचा किंवा हरभऱ्याचा कोवळा पाला बारीक चिरायचा, त्यात पातीचा कांदा, मीठ, तिखट, कच्चे तेल, हाताने घोळवायचे, झाले. अक्का दर हिवाळ्यात करी आणि म्हणे, "याले कोनी सलाद म्हनलं ना, त मी ताट उचलून घेईन." तिचा हात पातेल्यात फिरताना मी शेकडो वेळा पाहिला होता, तरी प्रमाण मला ठाऊक नव्हते. भाजीवालीने ते बोटांनी दाखवले. वरून दोन हिरव्या मिरच्या पिशवीत टाकल्या. मला आम्लपित्ताचा त्रास. मी त्या काढून परत गाडीवर ठेवल्या. तिने मिरच्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

महिना उलटला. एका सकाळी तिने गाडीखालून कापडाचे गाठोडे काढून माझ्या हातात दिले. आत ओल्या तुरीच्या टपोऱ्या शेंगा, आणि वर हरभऱ्याच्या पाल्याची मूठ.

"तुमच्या नातीले," ती म्हणाली. "मीठ टाकून उकडून द्या."

मी पैशांची पिशवी उघडली आणि विचारले, "याचे किती झाले?"

गाडीवरचे सगळे थांबले. तिने कानाच्या पाळीला हात लावला. "काय बाप्पा म्याडम! वानोळ्याचे पैशे देते का कोनी?"

वाचकाला कदाचित ठाऊक असेल. नसेल तर सांगते. शेतात नवे काही आले की विकायला काढण्याआधी त्यातले थोडे देवापुढे ठेवायचे आणि थोडे आपल्या माणसांकडे पाठवायचे. तो वानोळा. त्याला मोल नसते, आणि तो परक्याला जात नाही. वऱ्हाडात जन्मून, या वयात, मी वानोळ्याची किंमत विचारली होती. ती चूक मोठी, पण तिची मला तितकी लाज वाटली नाही. लाज वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. तिच्या शेतातले पहिले पीक मी एका अशा मुलीच्या नावाने घेतले होते जी माझ्या घरात नव्हती.

घरी शेंगा उकडल्या. तुरीच्या शेंगा एकट्याने खाण्याची वस्तू नव्हे. मध्ये परात, भोवती माणसे, सालींचा ढीग, आणि कुणाच्या शेंगेत किती दाणे याची भांडणे. आमच्या लहानपणी त्या अशाच खाल्ल्या जात. मी चार शेंगा सोलल्या आणि पुढे हात चालेना.

दुसऱ्या दिवशी गाडीवर गर्दी नव्हती. मी वाक्य घरून तयार करून नेले होते. "मला तुम्हाला एक सांगायचं आहे. माझ्याकडे कुणी पाहुणे नाहीत. नव्हतेच. मी एकटी असते."

ती कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होती. हात थांबला नाही. "मले काय मालूम नवतं काजी?"

"कसं?"

"चार मानसं घरात, अन् महिनाभरात एक मिरची नाई नेली तुमी. वांगं नाई, आलू नाई. फुकटची मिरची वापस केली! बिनमिरचीचे पाव्हने कोन्त्या गावचे असतेत, सांगा बरं?"

मी हसले असावे. मग विचारले, "मग नातीच्या नावानं वानोळा का दिलात?"

आता तिने वर पाहिले. "तिच्या नावानं देल्ला म्हनून त घेतला. तुमच्या नावानं देल्ला असता त 'नको नको' करत पयाल्या असत्या." आणि काकडी निवडून तराजूत टाकत म्हणाली, "आता एकच घेत जा. लाजता कावून? एक मानूसबी खातेच ना?"

मला वाटले होते की खरे सांगितल्यावर आमची ओळख वाढेल. तसे झाले नाही, आणि यात तिचा काडीचाही दोष नाही. पाहुणे होते तोवर रोज त्यांची विचारपूस होती. ते गेले, आणि विचारण्यासारखे काही उरले नाही. मी एक काकडी, एक गाजर, एक टोमॅटो घेई, ती "बरं का म्याडम" म्हणे आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळे. सगळे मिळून अर्धे मिनिट. भाजी वाया जाणे थांबले. गल्लीतली गाय काही दिवस दारात येऊन उभी राहिली, मग तिनेही येणे सोडले.

ताट मी चुकू दिले नाही. तीन महिने झाल्यावर रक्त पुन्हा तपासले. डॉक्टरीणबाईंनी अहवालावर बोट ठेवून दाखवले: हिमोग्लोबिन जवळजवळ जागेवर आले होते, बाकीचेही सुधारले होते. "मॅडम, तुम्ही तर मनावर घेतलंत," त्या म्हणाल्या. तो कागद घेऊन मी रविवारी बसने अकोल्याला गेले.

भावाने कागद खिडकीच्या उजेडात धरून दोनदा वाचला आणि घडी घालून देवघरात ठेवला. भावजयीने ताटे वाढली. ठेच्याचा आणि वांग्याच्या भाजीचा वास सगळ्या घरात होता; गरम भाकरी थेट तव्यावरून ताटात पडत होती. माझ्यासमोर तिने एक मोठी बशी ठेवली. काकडीच्या चकत्या, गाजराच्या चकत्या, टोमॅटो, मोड आलेले मूग, मध्ये लिंबाची फोड. इतके सारखे, इतके पातळ चिरणे मला अजूनही जमत नाही.

"ताई, तुमच्यासाठी मुद्दाम केलं. मूग परवाच भिजू घातले होते," ती म्हणाली. "तुमचं पथ्य मोडू नये म्हनून वांगं नाई वाढलं."

नातीने माझ्या बशीत डोकावून पाहिले. "आत्याआजी, तुले डाक्टरनं भाकर बंद केली काय?"

सगळे हसले, मीही हसले. भाकरी बंद नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तर ज्वारीची भाकरी सांगितली होती. वांगेही बंद नव्हते. 'मला वाढ' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. भावजयीने इतक्या निगुतीने मांडलेल्या त्या बशीपुढे ते मला म्हणता आले नाहीत. मी मान खाली घालून सगळी बशी संपवली. त्यांचे वांग्याचे बोलणे चालले होते, वांगी कुणाच्या शेतातली, यंदा त्यांना चव कशी आहे. आणि माझ्या डोक्यात गाजर वाजत होते, त्यामुळे मला त्यातले निम्मे ऐकू आले नाही.

हात धुतल्यावर भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. "रिपोट चांगला आहे. मी बोललो होतो त्यापरमानं तू तिथं राहू शकते, मी काई म्हनत नाई." मग म्हणाला, "पन खोली अजून रिकामी आहे. टेम्पो-बिम्पो काई नाई. तुले वाटलं त राय. आजपासून राय."

असे त्याने मला कधी विचारले नव्हते. आजवर तो फक्त दटावत असे. भावजय ओट्याशी उभी होती, तिने नळ बंद केला. दोघेही माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

"आज नको," मी म्हणाले. "घरी मटकी भिजत घातली आहे. आंबेल."

"मटकीसाठी?" भाऊ म्हणाला.

"हो."

त्याने मला स्टँडवर सोडले, खिडकीशेजारची जागा मिळवून दिली आणि बस हलेपर्यंत खाली उभा राहिला. मूर्तिजापूर मागे पडले तेव्हा मला जाणवले की त्याच्याशीही मी खोटेच बोलले होते. त्या दिवशी मी घरी काहीही भिजवलेले नव्हते.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तब्येत चांगली आहे, घर माझे आहे, ताट रोज भरते. खोली अजून रिकामी आहे, असे भाऊ फोनवर सांगतो. मी पुस्तकांत पुष्कळ शोधले, पण हे कोणत्या कपाटात सापडेल ते मला कळत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते: मी त्या दिवशी अकोल्याला राहायला हवे होते का?